आधी कोणती घंटा

बुर्गाकाकू आमच्या चर्चमधला केर काढायची आणि त्याचे पैसे घ्यायची नाही. एवढ्यावरून माझी आजी गावभर सांगत फिरायची की सून आता पक्की आपली झाली. आजीला माणसं कळत नसत, कोंबड्या तेवढ्या कळत.

आमच्या ग्रोनवाइलरच्या चर्चमध्ये आडवी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे आम्ही प्रॉटेस्टंट, पलीकडे कॅथलिक. छप्पर एक, मनोरा एक, मनोऱ्यात घंटा दोन, आणि त्याही सामाईक. रविवारी आधी आमची प्रार्थना व्हायची. ती सुटली की आम्ही जेवायला घरी आणि पलीकडे त्यांची मिस्सा सुरू. काकू केर काढायची ती नेमकी त्याच वेळी.

दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं लग्न ठरलं होतं आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यामुळे मी हातमोजे बाकावर विसरले आणि ते आणायला परत गेले. आत काकू एकटीच होती, अगदी भिंतीला लागून उभी. पलीकडून लॅटिनमधलं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग तिकडे प्रसादाआधी वाजवतात ती छोटी हातातली घंटी किणकिणली, आणि काकू आमच्या उघड्या फरशीवर गुडघ्यांवर बसली. झाडू तसाच हातात उभा धरलेला. पलीकडे सगळे उठले तेव्हा तीही उठली, स्कर्ट झटकला आणि उरलेला केर भरला.

"हातमोजे तिसऱ्या बाकावर आहेत," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "आणि आजीला सांगायचं असेल तर सांग. मी खोटं बोलणार नाही."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले.

ती मूळची रोरांची. सेव्हेरिन रोर, म्हणजे तिचा बाप, वरच्या आळीतला द्राक्षवाला. तो इतका कडक कॅथलिक होता की शुक्रवारच्या उपासाला आमच्या बाजूने मटणाचा वास आला तर खिडक्या लावून घ्यायचा. काकू लहान असतानाच तिची आई गेली. आमच्याकडे माणूस मेलं की दोन्ही घंटा वाजतात, पण एकीमागून एक. कॅथलिक असेल तर आधी लहान, प्रॉटेस्टंट असेल तर आधी मोठी. मळ्यात वाकलेली माणसं पहिल्या ठोक्यावरच ओळखतात की कोणाच्या घरी टोपी काढून जायचं आणि कोणाच्या घरी गेलं नाही तरी चालेल. आई गेली त्या दिवशी ती लहान घंटा काकूनं अंगणात उभं राहून ऐकली होती. ती नेहमी म्हणायची, "माझ्या वेळी तीच आधी वाजू दे. आई त्या आवाजावर मला ओळखेल." तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

सेव्हेरिन रोर संध्याकाळी 'लाल सिंह' दारूगुत्त्यात खिडकीशी बसायचा. त्याची आणि आमच्या लोकांची तिथे रोजची जुंपायची. भांडण पाण्यावरून नाही, बांधावरून नाही. चारशे वर्षांपूर्वी चर्चची ही फाळणी कोणी सुरू केली, यावरून.

"एका साधूला, तुमच्या ल्यूथरला, बायको हवी होती," सेव्हेरिन म्हणायचा. "ब्रह्मचर्याची शपथ मोडायची लाज वाटली, म्हणून म्हणाला की शपथच खोटी आहे. आणि राजेलोकांना मठांचे मळे हवे होते. संपलं. ही तुमची सुधारणा."

"आणि पोपाला काय हवं होतं?" आमच्यातला कोणीतरी टेबलावर ग्लास आपटायचा. "विधवेनं बकरी विकून नवऱ्याच्या आत्म्यासाठी माफीची चिठ्ठी घ्यायची आणि त्या पैशांतून रोममध्ये घुमट चढवायचा. साधू काय म्हणाला? एवढंच म्हणाला की हे बरं नाही. त्याला धाडलंत हाकलून."

"हाकललं नाही, तो गेला."

"गेला नाही, हाकललंत."

इथवर आलं की गुत्तेवाला दिवे मालवायला लागायचा. गावात दोन शाळा होत्या, मध्ये तारेचं कुंपण. आमच्या शाळेत विधवेची बकरी शिकवत, त्यांच्या शाळेत साधूची शपथ. मधल्या सुट्टीत पोरं तारेतून एकमेकांवर तेच ओरडत. आम्ही त्यांना मेणबत्तीवाले म्हणायचो, ते आम्हाला निळ्या डोक्याचे. निळी डोकी का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अशा गावात रोरांच्या बुर्गानं माझ्या काकाशी लग्न केलं.

गॉटलीबकाका पिंपं बनवायचा. द्राक्षं उतरायच्या आधी सगळं गाव त्याच्याकडे पिंपं दुरुस्तीला आणायचं, दोन्ही बाजूंचं. गळक्या पिंपाला धर्म नसतो. बुर्गा बापाचं पिंप घेऊन आली, परत न्यायला आली, मग उगाचच आली. काका बोलका नव्हता. तिला तो काय म्हणाला असेल देव जाणे, पण कॅथलिक फादरनी अट घातली की मुलं सगळी कॅथलिक होतील असं दोघांनी लिहून द्यायचं. आजी म्हणाली, असं लिहून दिलंस तर मी विहीर जवळ करीन. काकानं लिहून दिलं नाही. लग्न आमच्या बाजूला झालं. त्याबरोबर पलीकडे बुर्गासाठी मिस्सेतला प्रसाद बंद, पापांची कबुली बंद, सगळं बंद.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती द्राक्षांच्या वेली बांधायला मळ्यात गेली होती. संध्याकाळी घरी आली तर दाराला आतून अडसर. पायरीवर तिची पेटी, आणि पेटीवर तिची खुर्ची ठेवलेली. तिनं दार वाजवलं. आत दिवा होता, बाप आत खोकत होता. ती बराच वेळ वाजवत राहिली. शेवटी पेटी एका हातात आणि खुर्ची दुसऱ्या हातात घेऊन ती आमच्या आळीत उतरली. ती खुर्ची शेवटपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात होती. तीवर ती कोणाला बसू द्यायची नाही, स्वतःही बसायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून सेव्हेरिन गुत्त्यात सांगू लागला, "पोरगी मला सोडून गेली."

काकूला कोणी हे सांगितलं की ती एवढंच म्हणायची, "दार लावलेलं होतं." आवाज चढवायची नाही, रडायची नाही. पण हे वाक्य म्हटल्याशिवाय राहायचीही नाही.

तिच्या संसारात सुख नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. काकाचं तिच्यावर प्रेम होतं, मुकं पण घट्ट. शनिवारी बटाट्याचं सूप आणि प्लमचा केक व्हायचा. तो तिच्या ताटात मोठा तुकडा ठेवायचा आणि आपण किती छोटा घेतला ते लपवायचा. पण मूल झालं नाही. वरच्या आळीत म्हणाले, देवानं शिक्षा दिली. आजी म्हणाली, मेणबत्तीवाल्यांच्या पोरी लहानपणापासून थंड फरशीवर गुडघे टेकतात, त्यानं गर्भ धरत नाही. दोन्हीकडच्यांना कारण सापडलं, म्हणून दोन्हीकडच्यांना झोप लागायची.

एक प्रसंग मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला. जूनमध्ये कॅथलिकांची ख्रिस्तदेहाची मिरवणूक निघते, फुलं उधळत, सोनेरी छत्र धरून. ती नेमकी आमच्या आळीतून जाते, आणि त्याच दिवशी आमच्या लोकांना शेतात शेण टाकायची घाई होते. ही जुनी रीत. तेही गुड फ्रायडेला, आमच्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, अंगणात धुणं वाळत घालतात; तेव्हा कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत. त्या वर्षी आजीनं शेणाची अख्खी गाडी दारासमोर रस्त्यात रिती करवली. पहाटे मी दूध आणायला निघाले तर काकू फावडं घेऊन शेण बाजूला ओढत होती. रस्ता साफ केला, त्यावर पाणी टाकलं, आणि मग एप्रनमधून पिओनीच्या पाकळ्या काढून टाकल्या. आजी खिडकीतून ओरडत होती, "माझ्या घरात खाऊन त्यांच्यासाठी झाडतेस?"

"रस्ता कोणाचा आहे, सासूबाई?" काकू म्हणाली. "घाण तर आपल्या दाराची होती."

मिरवणूक आली. छत्राचा पुढचा उजवा दांडा सेव्हेरिन रोरनं धरलेला. काकू दाराशी गुडघे टेकून बसली. त्याचा बूट तिच्या पाकळ्यांवर पडला. त्यानं मान वळवली नाही. छत्र मात्र थोडं डळमळलं, आणि मागचा माणूस त्याला काहीतरी बोलला.

सेव्हेरिन मेला तो लढाईनंतरच्या उपासमारीच्या हिवाळ्यात. लहान घंटा आधी वाजली. काकू धुणं पिळत होती, ती हातातलं तसंच टाकून उभी राहिली. वरच्या आळीत त्या आठवड्यात दुसरं कोणी आजारी नव्हतं, म्हणजे तिला कळलं. घरातून कोणी निरोप द्यायला आलं नाही. आमच्या दफनभूमीतही मध्ये कुंपण आहे, हॉर्नबीमच्या झुडपांचं, छातीइतकं. ती कुंपणाच्या अलीकडे उभी राहून बापाला मातीत जाताना पाहत होती. काका तिच्याशेजारी टोपी काढून.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "बुर्गा, मी तिकडे येतो. लिहून देतो, काय हवं ते. आता मुलाबाळांचा प्रश्न उरला नाही. परत लग्न लावू, त्यांच्या बाजूला."

"आणि फादर तुम्हाला काय म्हणायला लावतील ठाऊक आहे?" ती म्हणाली. "की इतकी वर्षं आपण पापात राहिलो. म्हणाल तुम्ही?"

काकानं चमचा खाली ठेवला.

"मग मी तुम्हाला ते म्हणायला लावणार नाही. सूप घ्या अजून."

मी त्या टेबलावर होते. मला तेव्हा वाटलं की ही बाई उगाच हट्टी आहे. एका वाक्याचा तर प्रश्न.

काका गेला तो चार-पाच वर्षांनी, पिंपाच्या लोखंडी कड्या ठोकता ठोकता. कास्पारनं मोठी घंटा आधी वाजवली. कास्पार म्हणजे आमचा घंटावाला, ग्रामपंचायतीचा पगारी माणूस. घड्याळाला चावी देणं, घंटा वाजवणं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं ही त्याची कामं. काकूनं काकाच्या शेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवली, आमच्या बाजूची, कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे चार पावलांवर तिचे आईबाप. तिनं हे सगळं जुळवून आणलं होतं. राहिली होती ती फक्त घंटा.

बासष्ट साली उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. ती घरी आली, आणि मी तिच्याकडे राहायला गेले. तिला लपवाछपवी आवडत नसे, म्हणून आता काही उपाय नाही हे मी तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग फादरना बोलव."

फादर आल्टमायर नवे होते, तरुण, चष्मेवाले. पोरगा वाईट नव्हता. त्या ऑक्टोबरात रोमला पोपांनी जगभरचे बिशप जमवून मोठी परिषद सुरू केली होती, आणि फादर रेडिओला कान लावून बसत. वारा बदलतोय, असं ते कोणालाही सांगत. पण वारा अजून ग्रोनवाइलरला पोचला नव्हता, आणि नियम जुनेच होते.

गुत्त्यात त्या वर्षी वेगळीच धमाल चालू होती. कोणा कॅथलिक प्रोफेसरानं म्हणे सिद्ध केलं होतं की ल्यूथरनं चर्चच्या दारावर माफीच्या चिठ्ठ्यांविरुद्धचे ते कागद खिळ्यानं ठोकलेच नव्हते. गोष्ट मागाहून रचलेली. वरच्या आळीचे लोक दिवाळखोराला लॉटरी लागल्यासारखे खूश होते. आमचे पास्टर ग्रेबर भयंकर चिडलेले. ते एकतीस ऑक्टोबरच्या धर्मसुधारणेच्या दिवसासाठी खास उत्तर तयार करत होते, आणि रोज संध्याकाळी काकूच्या खाटेशी बसून ते उत्तर तिच्यावर घासून बघत. खिळा ठोकला हे कसं खरं, त्याला साक्षी कोण कोण. आजारी माणसाला काय ऐकवावं याचा पाचपोच नव्हता त्यांना.

काकू डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "पास्टर, खिळा ठोकला की नाही ते मला ठाऊक नाही. दार मात्र तेव्हापासून बंद आहे."

पास्टरांना हसावं की नाही कळलं नाही. मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या खुर्चीला धरून रडले.

फादर आल्टमायर आले ते मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल बरोबर घेऊन. ते खुर्चीवर बसायला गेले तशी काकू म्हणाली, "त्यावर नको." ते खाटेच्या कडेला टेकले. मी बाहेर जायला निघाले, तर काकूनं माझा हात धरला.

"लीना राहू दे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

तिनं तिची पापं सांगितली. काय काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, पण ऐकून कोणालाही वाटलं असतं की हिला स्वर्गात खुर्ची काढून ठेवावी. फादर मान हलवत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि बुर्गा, ते लग्न?"

"लग्न काय?"

"तुम्ही एवढंच म्हणा, की मी माझ्या चर्चला सोडून गेले आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो. बस. मग मी तुम्हाला प्रसाद देतो, तेल लावतो. घंटाही आपलीच आधी वाजेल. मी स्वतः कास्पारला सांगतो."

काकूनं छताकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, म्हण ना बाई. म्हणून टाक. कोणाचं काय जातं?

"फादर," ती म्हणाली, "मी कुठे गेले नाही. बाबांच्या घरूनही नाही गेले. दार वाजवून वाजवून हात सुजला होता. इथंही तसंच. दर रविवारी मी भिंतीशी येऊन उभी राहत होते. तुम्ही आत होतात, मी बाहेर होते. सोडून जाणारा माणूस तिथेच उभा राहतो का?"

"पण बुर्गा, हे फक्त शब्द आहेत."

"फक्त शब्द आहेत तर तुम्हीच म्हणा ना. म्हणा की आम्ही दार लावलं."

फादर लाल झाले. त्यांनी तेलाची कुपी मुठीत मिटून घेतली. ते म्हणाले, "मला तसं म्हणायचा अधिकार नाही."

"मग मलाही खोटं बोलायचा नाही," काकू म्हणाली. "मरताना गॉटलीबला पाप म्हणून जाऊ? वर भेटलो तर तोंड कसं दाखवू त्याला?"

फादर कुपी खिशात घालून गेले. जिन्यावर ते थांबले होते, मला पावलांचा आवाज बंद झालेला ऐकू आला. मला वाटलं परत येतील. आले नाहीत.

काकू भिंतीकडे तोंड करून पडली. जरा वेळानं म्हणाली, "लीने, घंटेचं बघशील ना?"

मी हो म्हटलं.

ती तिसाव्या तारखेला सकाळी गेली, धुक्यात. मी तिचे डोळे मिटले, केस विंचरले आणि मनोऱ्याकडे धावले. कास्पार दोन्ही दोर समोर घेऊन उभा होता. त्याला आधीच कळलं होतं.

"आधी कोणती?" त्यानं विचारलं.

"लहान," मी म्हटलं.

"फादरनी सांगितलंय का?"

त्यानं एका पोराला पिटाळून दोघांनाही बोलावलं. पास्टर ग्रेबर हातात दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाचे कागद घेऊनच आले. फादर आल्टमायर डोळे सुजलेले, झोप झाली नसावी.

"मोठी वाजू दे आधी," पास्टर म्हणाले. "तीस वर्षं आमच्यात बसली ती. आमच्या मातीत जाणार आहे."

"बसली," फादर म्हणाले. "पण तुमच्या हातचा प्रसाद एकदा तरी घेतला का तिनं? बाप्तिस्मा आमच्याकडचा आहे. मोठी वाजवलीत तर आमचं माणूस तुम्ही नेलंत असा अर्थ होतो."

"मग लहान वाजवा," मी म्हटलं. "तिला तेच हवं होतं."

"तिनं ते एक वाक्य म्हटलं असतं, तर माझी काही हरकत नव्हती."

"आणि लहान वाजली तर माझी आहे," पास्टर म्हणाले. "मरतामरता बाईला परत ओढून घेतलं म्हणून वरची आळी वर्षभर मिरवेल. तेही आमच्या सणाच्या आदल्या दिवशी."

"ओढून नेणं ही तुमची रीत. मठाच्या मळ्यांपासूनची."

"आणि विकणं ही तुमची. मेलेल्यांच्या नावानं चिठ्ठ्या कोणी विकल्या?"

"तुमचा साधू सोडून गेला."

"त्याला हाकललंत."

मी ऐकतच राहिले. हे शिकलेले लोक. सेव्हेरिन रोर निदान दोन ग्लास चढवून हे बोलायचा. मी म्हटलं, "अहो, घरात बाई मरून पडली आहे. चारशे वर्षांपूर्वीची नाही, आजची." दोघंही ओशाळले. पण दोर ओढ असं कास्पारला दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही. फादर म्हणाले, बिशपांच्या कचेरीत फोन करून विचारतो. पास्टर म्हणाले, चर्चच्या पंचांना विचारतो. कास्पार दोर धरून थांबला. वर घड्याळानं तासाचे ठोके दिले, पुन्हा दिले. बिशपांचे सचिवही त्यांच्याबरोबर परिषदेसाठी रोमला गेले होते. पंच द्राक्षांच्या शेवटच्या तोडणीला.

पुरताना पास्टरांनी प्रार्थना म्हटली, चांगली म्हटली, बकरीचं नाव काढलं नाही. माणसं मोजकी आली, कारण घंटा वाजलीच नाही तर गावाला कळणार कसं? मळ्यातल्या बायांनी नंतर मला विचारलं, अगं, बुर्गा कधी गेली? कुंपणापलीकडे फादर आल्टमायर उभे होते, साध्या काळ्या कोटात. टोपी हातात. शेवटची माती पडेपर्यंत थांबले, आणि मला त्यांची दया आली, पण मी त्यांच्याकडे बघून मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी पास्टरांनी खिळ्याबद्दलचा उपदेश केला. लोक म्हणाले, छान झाला.

आता हे सांगायचं कारण. त्र्याऐंशी साली ल्यूथरच्या जन्माला पाचशे वर्षं झाली, तेव्हा आमच्या भिंतीत दार पाडलं. काचेचं, सुंदर. फादर नवे, पास्टर नवे. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि आळीपाळीनं वाचलं की तेव्हा कोणी एक सोडून गेला नाही आणि कोणी एकानं हाकललं नाही, चूक दोघांची होती, दार आम्ही दोघांनी लावलं. बायका डोळे पुसत होत्या. मग दोघांनी हात मिळवले, आणि वर दोन्ही घंटा एकदम वाजायला लागल्या. एकीमागून एक नाही. एकदम.

मला आत बसवेना. मी बाहेर आले, मनोऱ्याच्या पायरीवर बसले. घंटा थांबल्या तसा कास्पार खाली आला, म्हातारा, धापा टाकत, आणि माझ्याशेजारी टेकला.

"कास्पार," मी म्हटलं, "या दोन्ही एकदम वाजवता येतात?"

"येतात की. दोर दोन, हात दोन. खांद्याला जरा ओढ बसते."

"पूर्वीपासून येत होत्या?"

मी कोणाबद्दल विचारतेय ते त्याला कळलं होतं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सगळे आधी कोणती, एवढंच विचारत होते," तो म्हणाला. "मीपण तेच विचारलं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं, लीना. कोणाच्याच आलं नाही."

आत दोन्ही बाजूंचे लोक मिळून गायला लागले होते, मोठ्यानं, दार उघडं टाकून. मला त्या गाण्याचा मनापासून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.